दहा नंबरचा गुडघा

माईक हातात आला की माझा माझ्यावर ताबा राहत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एरवी मी जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होतो. गाडी आली की आत हात घालून मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहायची, ओल किती, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस किती, आणि एका शब्दात प्रत सांगायची. त्या कामात एक शब्द जास्त बोललो तर भांडण ठरलेलं. वर्षभर गिळलेले ते सगळे शब्द मी कबड्डीच्या माईकवर बाहेर काढायचो, आणि लोकांनाही ते आवडायचं.

गुलाबी बोंडअळीच्या वर्षी तर शब्द खूपच साठले होते. आमचं गाव मारेगावच्या बाजूला, कापूसपट्ट्याच्या ऐन मध्यात. एरवी जानेवारीत जिनिंगच्या आवारात कापसाच्या एवढ्या गंज्या लागायच्या की पलीकडचा माणूस दिसायचा नाही. त्या वर्षी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सपाट जमीन, आणि तिच्यावर दोन कुत्री उन्हात झोपलेली. मला काम नव्हतं. आणि त्याहून राग कशाचा यायचा, तर आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरचा माणूस आवाज खाली करायचा. नागपूरला एका लग्नात एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही यवतमाळचे का?" आणि हो म्हटल्यावर मला आग्रहानं जास्तीची जिलबी वाढली. मी ती खाल्ली, पण माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. आमच्याकडे माणसं हसतात, भांडतात, शिट्ट्या मारतात, हे कोणाच्या गावीच नव्हतं.

तेव्हा भाऊंनी लीग काढली. भाऊ म्हणजे आमच्या गावातले कृषी केंद्रवाले, सगळ्या समित्यांचे कायमचे अध्यक्ष. टीव्हीवर कबड्डीची मोठी लीग सुरू झाली होती, दिवे, संगीत, रंगीत जर्सी, आणि भाऊ ती रोज दुकानात लावून बसायचे. एक दिवस ते उठून जिनिंगच्या रिकाम्या आवारात आले, पावलांनी मैदान मोजलं आणि मला म्हणाले, "एकदा तरी आपल्या तालुक्याचं नाव पेपरात चांगल्यासाठी छापून आलं पायजे का नाही?" मी जागच्या जागी उडी मारली. खरोखर मारली.

सहा संघ झाले. निवृत्त क्रीडाशिक्षक असलेले गुरुजी सचिव झाले आणि त्यांनी इंटरनेटवरून एक आचारसंहिता उतरवून आणली. कुठल्या तरी परदेशी लीगची असावी. तिच्यात लिहिलं होतं की खेळाडूंनी हॉटेलच्या लॉबीत गोंधळ घालू नये आणि विमानात सहप्रवाशांशी सभ्यतेनं वागावं. आमचे खेळाडू सायकलवर यायचे आणि खेळून झालं की म्हशीचं दूध काढायला परत जायचे. तरी सगळ्यांनी त्या कागदावर सह्या केल्या, आणि सही करताना प्रत्येकाची मान जरा ताठ झाली होती. मला ते दृश्य अजून आठवतं आणि अजून बरं वाटतं.

पंच कोण, हा प्रश्नच नव्हता. चाचा. बसस्टँडच्या मागे त्यांचं दुचाकीचं गॅरेज. गाडी वळणावर असतानाच नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, चेन ढिली आहे की प्लग साफ करायचा आहे. कबड्डीतही त्यांचा कानच कामाला यायचा. चढाई करणाऱ्यानं "कबड्डी कबड्डी" म्हणत एका दमात जाऊन परत यायचं असतं. दम मधे तुटला की तो बाद. हजार माणसं ओरडत असली तरी चाचांना तो तुटलेला दम ऐकू यायचा. वीस वर्षं ते शिट्टी वाजवत होते आणि त्यांच्या निकालावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणखी एक गोष्ट. हाड बसवण्याची विद्या त्यांच्या घरात वडिलांपासून होती. गॅरेजच्या एका फळीवर पाने, दुसऱ्या फळीवर मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाची बाटली. कोणाचा पाय मुरगळला की लोक दवाखान्याच्या आधी चाचांकडे जायचे.

आणि दहा नंबर. आमच्या गावच्या संघाचा चढाईपटू, पाठीवर दहा आकडा, म्हणून सगळे त्याला दहा नंबरच म्हणायचे. चोवीस वर्षांचा, पायात स्प्रिंग असल्यासारखा. तो मध्यरेषेला हात लावून कपाळाला माती लावायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. "आला, आला, दहा नंबर आला!" एवढंच मी ओरडायचो आणि झाडांवर बसलेली माणसं झाडं हलवायची. लीग सुरू होऊन आठवडा झाला नव्हता, तर यवतमाळहून, बाभुळगावहून लोक एसटीनं त्याला बघायला यायला लागले.

त्या दुपारी सामना बरोबरीत होता. शेवटची चढाई दहा नंबरची. तो आत घुसला, कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, मागे वळला, दोघांनी त्याचा पाय धरला, आणि तो त्यांना ओढत ओढत रेषेकडे आला. मी माईकवर काय बोलत होतो मलाच कळत नव्हतं. त्याचा हात रेषेला लागला आणि मी "जिंकले!" म्हणून ओरडलो, आणि त्याच क्षणी चाचांची शिट्टी वाजली. दम तुटला. दहा नंबर बाद. समोरच्या संघाला गुण. आम्ही एका गुणानं हरलो.

मैदानावर काही झालं नाही. लोक हळहळले आणि पांगले. जे झालं ते काटाघरात झालं. गाड्या वजन करायची ती खोली आम्ही खेळाडूंना कपडे बदलायला दिली होती. मी गुणपत्रिकेवर चाचांची सही घ्यायला आत गेलो. दहा नंबर त्यांच्यासमोर उभा होता.

"कुठं तुटला दम? सांगा ना, कुठं तुटला?"

"रेषेच्या एक हात अलीकडं, बेटा. म्या आयकलं."

दहा नंबरनं त्यांना थोबाडीत मारली. उजव्या हाताची, सणसणीत. चाचांच्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट खाली पडली. चाचांनी वाकून ती उचलली, बाहीला पुसली, खिशात ठेवली. मग माझ्याकडे हात केला. "आण इकडं, सही घे." त्यांनी सही केली. नेहमीसारखी, उर्दूत, खाली ओळ ओढून. मी कागद घेऊन बाहेर आलो आणि सरळ भाऊंकडे गेलो.

तासाभरात भाऊ, गुरुजी आणि मी त्याच काटाघरात बसलो. गुरुजींनी आचारसंहिता उघडली. पंचावर हात उचलला तर स्पर्धेतून बाहेर, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. हॉटेल आणि विमानाच्या मधल्या पानावर. भाऊंनी कागद वाचला, घडी केली आणि गुडघ्याखाली दाबला.

"अंतिम सामन्याले नागपूरचे पत्रकार येऊन राह्यले," ते म्हणाले. "काय छापतीन? यवतमाळ जिल्ह्यात खेळाडूनं म्हाताऱ्या पंचाले मारलं. झालं. आपली लीग बी त्याच पानावर, जिथं आपलं सगळं छापते."

मला माहीत आहे, आज हे वाचताना भाऊ लबाड वाटतील. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वर्षी त्यांच्या दुकानात रोज माणसं येऊन बियाण्याच्या नावानं ओरडून जायची, आणि ही लीग सोडून त्यांच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनीच तोडगा काढला. दहा नंबरला दोन सामने बाहेर बसवायचं, ती शिक्षा. कारण सांगायचं, गुडघ्याला दुखापत. अंतिम सामन्याला तो परत. आणि चाचांना दोन दिवस आराम, तोवर दहा नंबरचंही डोकं थंड होईल. पंच वणीवरून मागवायचा.

मी विरोध केला का? छे. मला ती युक्ती आवडली. मी म्हटलं, "भाऊ, तो परत येईन तेव्हा मी असं बोलीन का लोक रडले पायजेत." गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो, पण डोक्यात वाक्यं जुळायला लागली होती.

भाऊ चाचांकडे जाऊन आले. चाचा एवढंच म्हणाले म्हणे, "मले कायले आराम पायजे?" आणि मग, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी घोषणा केली. भाऊंनी एक वाक्य सांगितलं होतं. माझा दोष असा की एका वाक्यावर माझं भागत नाही. मी गुडघ्याच्या आत शिरलो. वाटी कुठे सरकली, शीर कशी ताणली, वेदनेतही तो पोरगा कसा "मला खेळू द्या" म्हणत होता, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आपण सर्वांनी आपापल्या देवाला हात जोडावेत." पुढच्या रांगेतल्या बायकांनी खरोखर हात जोडले. मला अतिशय आनंद झाला. पाठोपाठ मी सांगितलं की आजपासून पंच वणीचे असतील, चाचा विश्रांती घेत आहेत. हे साध्या आवाजात सांगितलं, कारण त्यात रंगवण्यासारखं काही नव्हतं.

गावानं माझी घोषणा मनावर घेतली. मारुतीला नारळ फुटले. दर्ग्यावर एकानं चादर बोलली. दहा नंबरच्या घरी इतकी माणसं भेटायला गेली की त्याला दिवसभर पाय लांब करून खाटेवर पडावं लागलं. गुरुजींनीच त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधून दिली होती, शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली. बिचारा संडासलाही लंगडत जायचा.

इथपर्यंत मला मजाच वाटत होती. मग संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी उभा होतो आणि मागून कोणी तरी म्हणालं, "चाचानं पाहून बी फाऊल नाही देल्ला. तवाच तर पोराचा गुडघा गेला. नाहीतर कायले काढलं असतं त्याले?" दुसरा म्हणाला, "वीस वर्षं आपण त्याले पाक समजत होतो." तिसऱ्यानं तर सरळ सांगितलं की चाचा बिकले.

मी चहाचा कप खाली ठेवला. लोकांनी दोन घोषणा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, बस. गुडघा दुखावला, पंच बदलला. मी ग्रेडर माणूस, कापसावर पाणी मारून आणलं असेल तर बोट लावताच कळतं मला, आणि मीच तोंडानं पाणी मारलेला माल गावाला विकला होता. मी मागे वळून बोलायला हवं होतं. बोललो नाही. पैसे ठेवले आणि बसस्टँडकडून घरी जायच्या ऐवजी लांबच्या रस्त्यानं गेलो, कारण मधे चाचांचं गॅरेज लागतं.

पुढच्या दिवशी आमचा संघ दहा नंबरशिवायही जिंकला आणि अंतिम सामन्यात पोचला. मी माईकवर ओरडलो, पण मजा येईना. वणीच्या पंचाला तुटलेला दम ऐकू येत नव्हता. दोन चढाया तरी त्यानं चुकीच्या दिल्या, आणि लोक म्हणाले, काही का असेना, हा इमानदार तरी आहे.

अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी मी जेवायला बसलो होतो तर दारात दहा नंबरची आई. पदर खोचलेला, चेहरा लाल.

"चाल, गाडी काढ."

"कुठं, काकू?"

"चाचाभाईकडं. पोराचा गुडघा दाखवाले. तीन दिवस झाले, मी म्हणून राह्यली चाल चाल, तो नाही नाही करते. तूच तं सांगितलं ना माईकवर, वाटी सरकली म्हणून? मंग बसवाले नको?"

मी ताट बाजूला सारलं. हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गावात गुडघा सरकला की माणूस कुठे जातो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, आणि गुडघ्याचीच थाप मारताना आम्ही तेच विसरलो होतो. डोकेदुखी सांगता आली असती. ताप सांगता आला असता. आम्ही निवडला गुडघा.

"लोक कायबाय बोलून राह्यले चाचाभाईबद्दल," त्या म्हणाल्या. "मले नाही पटत. आन त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा हाये?"

मी गाडी काढली. पुढे मी, मागे काकू, मधे दहा नंबर, त्याचा पट्टीवाला पाय बाजूला सरळ काढलेला. तो माझ्या पाठीशी कुजबुजत होता, "गाडी पंचर कर ना. कुठं तरी पाड ना." मी काय पाडणार? रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लोक हात हलवत होते. "चाचाकडं चालले का? बरं केलं!" काही जण तर मागेच निघाले. गॅरेजशी पोचलो तेव्हा पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती.

चाचा एका मोपेडचा कार्बोरेटर उघडून बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आधी काकूंकडे, मग दहा नंबरकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"भाई, पोराची वाटी सरकली," काकू म्हणाल्या. "तुमीच पाहा."

चाचा उठले. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले. दहा नंबरला बाकावर बसवलं आणि त्याच्यासमोर खाली उकिडवे बसले. गुरुजींची पट्टी हळूहळू सोडली. गुंडाळी करून काकूंच्या हातात दिली. मग गुडघा दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले, अंगठा वाटीच्या कडेनं फिरवला, पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. दहा नंबरची मान छातीत गेली होती. त्याचा गुडघा थरथरत होता हे मला दिसत होतं, म्हणजे त्यांना हातात कळत असणारच.

तेल लावून चार वेळा चोळलं असतं तरी भागलं असतं. आम्ही सगळे सुटलो असतो. उद्या तो खेळला असता, आणि वर चाचांच्या हाताचा गुण म्हणून मी माईकवर अर्धा तास बोललो असतो. मी मनात म्हणत होतो, चोळा, चाचा, चोळा.

त्यांनी डोळे उघडले. "काही नाही झालं. गुडघा चांगला हाये."

"असं कसं? मंग खेळून काहून नाही राह्यला तो?"

"ते मले नका इचारू, बाई. त्याले इचारा."

रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ आत आली. मग दहा नंबर बोलला, इतका हळू की मागच्यांना पुढे वाकावं लागलं.

"आई, म्या चाचाले मारलं."

"काय?"

"काटाघरात. थापड मारली. दम तुटलाच होता माहा. मले बी माईत होतं."

काकू पुढे झाल्या. मला वाटलं आता मारतात त्याला. त्यांनी त्याचा उजवा हात मनगटाशी धरला आणि उलटा करून पाहिला. "यानं?" त्या म्हणाल्या. "हा हात? बैलगाडीवरून पडला होता तवा याचं हाड बाहेर आलतं. भाईनं बसवला हा. तीन आठवडे रोज घरी यायचे. यानं मारलं?" आणि त्या तिथेच खाली, एका जुन्या टायरवर बसल्या. दहा नंबर रडायला लागला. मोठ्यानं, नाक गळत, गावासमोर. चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि त्याला उठवलंही नाही. ते परत मोपेडपाशी गेले.

पाच मिनिटांत गावभर झालं. माझ्या माईकपेक्षा ती बातमी वेगानं पोचली, आणि त्यात कोणी काही वाढवलंही नाही.

उन्हं उतरायच्या आत भाऊ गॅरेजमध्ये. मागे गुरुजी, मागे मी. भाऊ हात जोडून म्हणाले, "चाचा, चुकलं. उद्या तुमीच शिट्टी वाजवा. पोरानं चूक कबूल केली, आता त्याले खेळू द्या. लोक त्याच्यासाठीच येऊन राह्यले, पेपरवाले बी."

"खेळाची गोष्ट पुस्तकात हाये," चाचा म्हणाले. "गुरुजीनं आणलं ना पुस्तक? त्याच्यात काय हाये?"

"स्पर्धेतून बाहेर," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता, तीन दिवस गिळलेलं हाडूक बाहेर पडल्यासारखा.

"मंग बाहेर. अन दुसरं. माईकवरून जे गेलं ते माईकवरूनच वापस आलं पायजे. माह्या गॅरेजमधी किती माणसं होती? वीस. माईक किती गावात आयकू जाते?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढं मी सहज करीन, असं मला वाटलं.

अंतिम सामन्याला इतकी गर्दी झाली की जिनिंगच्या भिंतीवर, शेडच्या पत्र्यावर, उभ्या ट्रॅक्टरवर माणसंच माणसं. पत्रकार पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. मैदानाच्या रेषा फक्कीनं आखत होता दहा नंबर, अंगावर साधा सदरा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळीच येऊन त्यानं फक्कीचं घमेलं हातात घेतलं होतं. रेषा सरळ आल्या होत्या. काकू बायकांमध्ये पहिल्या रांगेत.

भाऊंनी मला एक चिठ्ठी दिली. "काही गैरसमजातून" अशी सुरुवात होती. मी ती खिशात घातली आणि माईक घेतला. माझा आवाज असा खणखणीत निघाला की मलाच आवडला. मी म्हणालो की दहा नंबरच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. त्यानं पंचावर हात उचलला. आमच्या आचारसंहितेप्रमाणे तो आज खेळणार नाही. चाचांनी कुठलंही फाऊल सोडलं नव्हतं, कुठलाही निकाल चुकवला नव्हता. आयोजकांनी लीगचं नाव राखायला ही गोष्ट झाकली, आणि त्यापायी चाचांच्या नावाला डाग लागला. भाऊ खुर्चीत उठून उभे राहिले आणि त्यांनी लोकांपुढे हात जोडले. टाळ्या सुरू झाल्या. माझ्या अंगात वीज खेळत होती. मी म्हणालो, "तर आता, मंडळी, अंतिम सामना!"

दोन्ही संघ रेषेवर वाकले. चाचा मैदानाच्या मध्ये उभे होते, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. शिट्टी त्यांच्या तळहातावर होती. ती तोंडाकडे गेली नाही.

मी पुन्हा म्हणालो, "सामना सुरू होत आहे!"

चाचा माझ्याकडे बघत होते. संघ वाकलेलेच. लोकांना वाटलं काही तरी राहिलं, ते हळूहळू गप्प होत गेले, पत्र्यावरचेसुद्धा. मला वाटलं भाऊ काही बोलतील, गुरुजी बोलतील. मग मला कळलं की चाचा कशाची वाट बघत आहेत. चांगलंच कळलं. मी दहा नंबरचं सांगितलं होतं, आयोजकांचं सांगितलं होतं. त्या सगळ्या भाषणात मी स्वतः कुठेच नव्हतो.

माईक तोंडाशी नेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर मला शब्द सापडेनात.

"काटाघरात मी होतो," मी म्हणालो. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चाचांनी मार खाऊन गुणपत्रिकेवर सही केली, ती मीच घेतली. अन दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं मीच बोललो. मले माईत होतं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टपरीवरची ती तीन माणसंही गर्दीत असतील, त्यांनीही ऐकलं असेल. चाचांनी अजून एक क्षण कान दिला, गाडीचा आवाज ऐकून बघतात तसा, कुठे काही राहिलं का म्हणून. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.